चाकांचे जोडे

टेम्पलहोफच्या स्टुडिओत मी आले ती झालरी शिवायला.
नटीच्या बाह्या, वेटरांची जाकिटं,
एका बनावट राजदूताची छातीभर पदकं,
पत्र्याची, म्हणजे वाजणारी.
डॉक्टर क्नोबेनं ती पहिल्याच दिवशी उपटली.
त्याच्या यंत्राला पदकं सोसत नव्हती.

त्या हिवाळ्यात भिंतींना खरोखरच कान होते.
एक झुंबरात, एक पडद्याच्या घडीत,
एक सुपाच्या मोठ्या वाडग्यामागे,
त्यामुळे नायिका आपलं सगळं प्रेम
सुपाला सांगायची.
कॅमेरा घरघरतो म्हणून त्याला कपाटात कोंडलेला.
आत कॅमेरामन युप्प, बनियनवर,
चार-चार मिनिटांनी दार ढकलून बाहेर यायचा,
पाणबुड्यासारखा, तोंड उघडं.

ब्रेमेला हे बघवेना.
मूकपटांच्या दिवसांत त्याचा कॅमेरा
गल्लीबोळांतून मांजरासारखा हिंडलेला.
"बोलायला लागला, म्हणून काय त्याचे पाय मोडायचे?"
असं म्हणाला, आणि बुरणुसाचा एक गठ्ठा
माझ्या मांडीवर टाकला.
"जोडे शिव. चार. चाकांच्या मापाचे."

बायकांची मापं घेण्यात माझी दहा वर्षं गेली.
चाक पहिल्यांदाच.
चाक पोट आत ओढत नाही,
गेल्या वर्षीचा आकडा सांगत नाही.
दुहेरी टाका घातला, मेण लावून.

आणि कपाट चालू लागलं!
ट्रे घेतलेल्या नोकराच्या मागून,
नाचणाऱ्या गुडघ्यांच्या उंचीवरून,
टेबलाखाली चुकलेल्या एका मोत्याच्या शोधात,
हूं नाही की चूं नाही.
क्नोबे कानाला यंत्र लावून बसलेला,
चेहऱ्यावर नापास करायला काही न सापडलेल्या
मास्तराचं दुःख.

मग ती दाराची गोष्ट.
नवरा-बायको भांडत खोलीत शिरायचे,
दार धाडकन लागायचं,
आणि कॅमेरा बाहेरच. बघत.
पितळी मूठ. किल्लीचं भोक.
रंगाचा एक ओघळ, जो रंगाऱ्यानं पुसायचा राहिलेला.
आतून आधी कुजबुज, मग एक बशी,
मग दुसरी बशी,
मग बराच वेळ काहीच नाही.
आणि मग, अगदी सावकाश, मूठ फिरायची,
अर्धी,
पुन्हा जागेवर.

निर्माते लांडाउअर ओरडले,
"एवढे महागडे दोन नट, आणि मी दाराचे पैसे मोजतोय?"
ब्रेमे म्हणाला,
"दार उघडं ठेवलं तर आत दोनच माणसं दिसतील.
मिटलं, की थिएटरातला प्रत्येक जण
आपापल्या घरातलं भांडण आत नेऊन बसवेल.
हिशेब करा. स्वस्त पडतंय."

पहिल्या खेळाला मी शेवटच्या रांगेत होते.
शेजारी एक जाडा गृहस्थ, मांडीवर हॅट.
दार लागलं तेव्हा तो गप्प होता,
पहिल्या बशीलाही गप्प,
पण मूठ अर्धी फिरून परतली,
आणि तो असा हसला की हॅट खाली पडली,
बायकोनं त्याच्याकडे वळून पाहिलं,
आणि तीही.
मी मात्र त्या हसण्याखाली
माझी चाकं ऐकत होते.
नाही आली ऐकू.
पडद्यावरच्या नावांत मी नव्हते, बरोबरच आहे.
माझं काम वाजलं असतं, तर फसलं असतं.

दोन वर्षांनी ब्रेमे पॅरिसला गेला म्हणे,
एक बॅग घेऊन. लांडाउअर त्याच्याही आधी.
नवीन लोकांनी चाकांना रबर बसवलं.
झिजलेले जोडे मी घरी आणले, उसवले,
घरमालकीण पिट्शबाईंना त्यांचे सपाते करून दिले.
पाय गरम राहतात, म्हणाल्या.
त्यांचा नवरा वैतागला:
"काढ ते. घरात कोण फिरतंय ते कळत नाही.
हल्ली कळलेलं बरं."

त्यांनी काढले. मग कुणीच घालेना.
आता रात्री आम्ही तिघं, तीन खोल्यांत,
दारं मिटून,
जिन्यावरच्या पावलांची मापं घेतो.
दुसरा मजला.
तिसरा.
पितळी मूठ दिव्याच्या उजेडात
जागच्या जागी.